रीस विवर संग्रहालय : दगडांत जपलेला लघुग्रहाच्या आघाताचा पुरावा

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील नॉर्डलिंगन हे सुमारे वीस हजार लोकवस्तीचे जुने शहर एका प्रचंड विवराच्या आत वसलेले आहे. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी येथे एक लघुग्रह आदळला आणि सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. हा परिसर रीस या नावाने ओळखला जातो. या घटनेची आणि तिच्या शोधाची माहिती देणारे रीस विवर संग्रहालय १९९० साली खुले झाले. शहराच्या तटबंदीच्या आत, १५०३ साली बांधलेल्या एका कोठाराच्या इमारतीत ते आहे. दीर्घकाळ ज्वालामुखीचा समजला गेलेला हा प्रदेश प्रत्यक्षात काय आहे, हे दगडांच्या साक्षीने कसे सिद्ध झाले, याचा उलगडा ही या संग्रहालयाची खरी ओळख आहे.

ज्वालामुखीचा समज

रीसच्या परिसरात करड्या रंगाचा, काचेसारखे तुकडे असलेला एक खडक विपुल सापडतो. त्याला सुएव्हाइट म्हणतात. श्वाबिया या प्रदेशाच्या लॅटिन नावावरून हे नाव पडले. वितळून थिजलेल्या द्रव्याचे अंश त्यात असल्यामुळे तो ज्वालामुखीतून बाहेर पडला असावा, असे भूशास्त्रज्ञांना वाटत होते. हा तर्क वरवर पाहता सयुक्तिक होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही अभ्यासकांनी अशनिपाताची शक्यता मांडली. परंतु ठोस पुराव्याअभावी ती मान्य झाली नाही.

हा पुरावा १९६० साली हाती आला. अमेरिकन भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर यांनी ओटिंग येथील दगडखाणीतून सुएव्हाइटचे नमुने घेतले. एडवर्ड चाओ यांच्यासमवेत केलेल्या तपासणीत त्या नमुन्यांत कोएसाइट हे खनिज आढळले. कोएसाइट हे क्वार्ट्झचेच अतिदाबाखाली बदललेले रूप आहे. त्याच्या निर्मितीसाठी वातावरणाच्या दाबाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब लागतो. ज्वालामुखीच्या उद्रेकात भूपृष्ठाजवळ इतका दाब निर्माण होत नाही. लघुग्रहाच्या आघातात मात्र तो क्षणार्धात निर्माण होतो. १९६१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि रीसच्या उत्पत्तीविषयीच्या वादाचे पारडे फिरले. आज संग्रहालयासमोरील चौकाला शूमेकर यांचेच नाव आहे.

सहा दालनांचा क्रम

संग्रहालयात सहा दालने असून लघुग्रह व अशनी, आघाताची प्रक्रिया, त्यातून तयार झालेले खडक आणि विवराचा पुढील इतिहास अशी मांडणी उलगडत जाते.

शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार, आदळलेल्या लघुग्रहाचा व्यास एक किलोमीटर किंवा त्याहून थोडा अधिक असावा आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे २० किलोमीटर असावा. गाळाच्या खडकांचे सहाशे ते सातशे मीटर जाडीचे थर भेदून त्याने त्याखालील ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकालाही उखडून काढले. चुनखडीचे काही तुकडे सुमारे ७० किलोमीटर अंतरापर्यंत फेकले गेले. भूपृष्ठावरील वितळलेले द्रव्य आकाशात उडून शेकडो किलोमीटर दूर, आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भूमीवर हिरव्या काचेच्या रूपाने पडले. ही काच मोल्डावाइट या नावाने प्रसिद्ध आहे.

येथील खडक दोन थरांत समजून घ्यावे लागतात. खाली, न वितळता चुरडून मिसळलेल्या गाळाच्या खडकांचा रंगीबेरंगी थर आणि त्यावर वितळलेले अंश असलेला सुएव्हाइट. विवरात पुढे सरोवर तयार झाले व ते लाखो वर्षे टिकले. त्याच्या गाळाखाली काय दडले आहे, हे पाहण्यासाठी १९७३ साली येथे १,२०६ मीटर खोल वेधनछिद्र घेण्यात आले. या वेधनाने विवराच्या अंतर्रचनेची प्रत्यक्ष माहिती मिळाली.

चांद्रवीरांची पाठशाळा

ऑगस्ट १९७० मध्ये अॅलन शेपर्ड, एडगर मिचेल, युजीन सर्नन आणि जो एंगल हे अमेरिकन अंतराळवीर भूशास्त्रीय प्रशिक्षणासाठी रीस परिसरात आले होते. आघाताने बनलेले खडक कसे ओळखावेत, हे त्यांना येथील दगडखाणींमध्ये प्रत्यक्ष शिकविण्यात आले. शेपर्ड आणि मिचेल हे फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेत चंद्रावर उतरले. चंद्राचा पृष्ठभाग असंख्य आघातांनी घडलेला असल्याने या शिक्षणाचे मोल मोठे होते. अपोलो १६ मोहिमेत १९७२ साली आणलेला चंद्रावरील एक खडक संग्रहालयात पाहावयास मिळतो.

शहराच्या भिंतीतील पुरावा

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर पाहण्यासारखी सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे सेंट जॉर्ज चर्च. पंधराव्या शतकात उभारणीस आरंभ झालेले हे चर्च सुएव्हाइटने बांधलेले आहे. आघाताच्या वेळी खडकातील ग्रॅफाइटपासून सूक्ष्म हिरे तयार झाले. दागिन्यांच्या दृष्टीने त्यांना काहीही किंमत नाही. परंतु हा दगड कोणत्या प्रलयातून गेला, हे ते सांगतात. ज्या खडकाने अखेर वाद मिटविला, तोच खडक शतकानुशतके नागरिकांच्या डोळ्यांसमोर भिंतीत उभा होता. कमतरता दगडाची नव्हती, तो तपासण्याच्या साधनांची होती.

चर्चच्या सुमारे ९० मीटर उंच मनोऱ्यावरून क्षितिजावर टेकड्यांचे कडे दिसते. ती विवराची कड होय. शहराची वर्तुळाकार तटबंदी म्हणजेच विवराची कड, असा समज होण्याची शक्यता असते. मात्र तटबंदीची लांबी जेमतेम २.७ किलोमीटर आहे आणि विवर त्याहून कितीतरी विशाल आहे.

भारतातील साधर्म्य

भारतीय वाचकांना या कथेत परिचित धागा सापडेल. महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवरही एकेकाळी ज्वालामुखीजन्य मानले जात असे. सभोवती बेसाल्ट, म्हणजे लाव्हापासून बनलेला खडक असल्याने तो समज स्वाभाविक होता. वेधनातून मिळालेल्या खडकांत आघाताच्या खुणा आढळल्या आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने लोणारचे खरे स्वरूप स्पष्ट केले. चंद्रावरील विवरांशी तुलना करण्यासाठी बेसाल्टमधील हे विवर विशेष उपयुक्त ठरते. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथेही आघात-विवर आहे. मात्र ते अतिप्राचीन व झिजलेले असल्याने सहज ओळखू येत नाही.

जतनाचा प्रश्न

दगडखाणींमुळे रीसचे अंतरंग उघडे पडले. शूमेकर यांना नमुनाही खाणीतच मिळाला. परंतु सुएव्हाइट बांधकामासाठी व सिमेंटसाठीही काढला गेला आणि खाणकाम अमर्याद चालले तर हा पुरावाच नाहीसा होतो. त्यामुळे निवडक खाणी आता अभ्यास व पर्यटनासाठी राखण्यात आल्या आहेत. २०२२ साली या परिसराला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचा दर्जा मिळाला. लोणार सरोवराचा २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. अशा स्थळी खडकाचा तुकडा आठवण म्हणून उचलून नेण्याचा मोह पर्यटकांनी टाळणे, हेही जतनाचेच कार्य आहे.

म्युनिकहून नॉर्डलिंगनला रेल्वेने जाता येते. डोनाउवर्थ येथे गाडी बदलून पुढे जाणे सोयीचे ठरते. आधी संग्रहालय, नंतर चर्चचा मनोरा आणि शेवटी एखादी दगडखाण, असा क्रम ठेवल्यास दालनात पाहिलेला खडक शहराच्या भिंतीत आणि मूळ जागीही ओळखता येतो.