पन्नाशीतील पद्मिनी

मुंबईत कुर्ला येथील प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वर आधारित मोटार तयार होत असे. १९७४ पासून तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी मात्र आपल्या मोटारी जपल्या आहेत.

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षे झालेल्या व मूळ स्वरूप कायम असलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. तथापि, अशी मोटार नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दर रविवारी सहकुटुंब फेरफटका मारणाऱ्यास साधी नोंदणीच बरी. पहिल्या १५ वर्षांनंतर तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

देखभालीत सीबी पॉइंट व कार्ब्युरेटरची स्वच्छता नेहमीचीच. खरी चिंता इंधनाची आहे. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट खराब होऊ शकतात. इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने दीर्घकाळ उभ्या मोटारीच्या टाकीस आतून गंज चढण्याचा धोका असतो. नळ्या वेळीच बदलाव्यात आणि पावसाळ्यातही मोटार अधूनमधून इंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवावी.