पंचशील करार: नाव धम्माचे, मजकूर राष्ट्रांचा

'पंचशील' हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी येतो. विहारात त्रिसरणानंतर आपण ग्रहण करतो ते पंचशील, आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकात नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाच्या धड्यात येते ते पंचशील. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना दोन्ही पाठ असतात. पण दुसऱ्याचा पहिल्याशी संबंध किती, आणि त्यावर बाबासाहेब काय म्हणाले होते, हे बहुतेकांना माहीत नसते.

२९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये भारत आणि चीन यांच्यात एक करार झाला. भारतातर्फे राजदूत एन. राघवन यांनी सही केली. कराराच्या नावात पंचशील हा शब्द नाही. 'चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातील व्यापार व दळणवळण' असा त्याचा विषय. पाच तत्त्वे येतात ती प्रस्तावनेत: एकमेकांच्या प्रादेशिक अखंडतेचा व सार्वभौमत्वाचा आदर, परस्परांवर आक्रमण न करणे, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्पर लाभ, आणि शांततामय सहजीवन. त्याच वर्षी २८ जूनला दिल्लीत नेहरू व चौ एन-लाय यांच्या संयुक्त निवेदनात ती पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी रंगूनमध्ये ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनीही चौ एन-लाय यांच्यासोबत तीच तत्त्वे मान्य केली. १९५५ च्या बांडुंग परिषदेत २९ आशियाई-आफ्रिकी देशांनी स्वीकारलेल्या दहा तत्त्वांत त्यांचा आशय उतरला.

मूळ कलमे वाचली की वेगळेच चित्र दिसते. कुठल्या खिंडीतून व्यापाऱ्यांनी व यात्रेकरूंनी ये-जा करायची, त्या सहा खिंडींची यादी आहे; लिपुलेख त्यातलीच. भारतीय यात्रेकरूंना कैलास-मानसरोवरला जाता येईल, आणि तिबेटी बौद्धांना बनारस, सारनाथ, गया व सांचीला येता येईल, असे एक कलम आहे. सारनाथ आणि सांची ही नावे ज्या करारात आहेत, त्याच कराराच्या शीर्षकात तिबेट हा 'चीनचा प्रदेश' झाला. यातुंग व ग्यांत्से येथील भारतीय लष्करी तुकड्या सहा महिन्यांत काढून घ्यायच्या, टपाल-तार सेवा आणि विश्रामगृहे चीनला द्यायची, असेही ठरले. हे सगळे ब्रिटिश साम्राज्याकडून आलेले हक्क होते, ते सोडण्यात गैर काही नव्हते. पण मोबदल्यात सीमा कुठे आहे, याबद्दल करारात एक ओळ नाही.

बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी आंतरराष्ट्रीय परिस्थितीवरील चर्चेत त्यांनी या धोरणावर कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा: पंचशील हे बौद्ध धम्माचे अंग आहे. माओंचा त्यावर खरोखर विश्वास असता, तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती. राजकारणात, त्यातही साम्यवादी देशाच्या राजकारणात, त्याला जागा नाही. तिबेटवर चीनचा हक्क मान्य करून आपण चीनची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवली, हाही इशारा त्यांनी दिला. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पंधराव्या खंडात हे भाषण आहे. कार्यकर्त्यांनी ते मुळातून वाचावे, कारण समाजमाध्यमांवर त्याचे सोयीचे तुकडे फिरत असतात.

कराराची मुदत आठ वर्षांची होती. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामांना ल्हासा सोडून भारतात यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तिबेटींच्या मानवी हक्कांचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. जून १९६२ मध्ये करार संपला आणि २० ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले. तिबेटच्या बाजूने भारताने आमसभेत मत दिले ते १९६५ साली.

म्हणून पाच तत्त्वे निरुपयोगी ठरवायची का? तसे म्हणता येणार नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, दुबळ्या देशांना बलाढ्य राष्ट्रांपुढे उभे राहायला ती एक भाषा होती. खरी अडचण दुसरी आहे. धम्माच्या पंचशीलात पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे. ते घेणारा माणूस स्वतःच्या वागणुकीची जबाबदारी घेतो. राष्ट्रांच्या पंचशीलात राज्य फक्त दुसऱ्या राज्याशी बोलते. आपल्याच सीमेच्या आत ते माणसांशी कसे वागते, हा प्रश्न तिसऱ्या तत्त्वाने दाराबाहेर ठेवला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(७) हेच म्हणते, फक्त सुरक्षा परिषदेच्या सक्तीच्या कारवाईला तेथे अपवाद आहे.

या भिंतीला खिंडारे पडली आहेत. १९४८ चा वंशसंहारविरोधी करार हे त्यातले पहिले मोठे. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी मान्य केले की वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक उच्चाटन व मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून आपल्या जनतेचे रक्षण करणे ही प्रत्येक राज्याची जबाबदारी आहे, आणि त्यात ते उघडपणे अपयशी ठरले तर सुरक्षा परिषदेमार्फत सामूहिक कृती करता येईल. अर्थात नकाराधिकार असलेल्या पाच राष्ट्रांच्या मर्जीवर बरेच काही अडते.

आपल्यासाठी अवघड उदाहरण म्यानमारचे. ऊ नूंचा तो ब्रह्मदेश. १९५४ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले ते याच रंगूनला. तेथील १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. ऑगस्ट २०१७ पासूनच्या लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. चीवर घातलेल्या काही भिक्खूंनीही मुस्लिमांविरुद्ध द्वेषाची भाषणे केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतील छोट्या देशाने म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणासाठी एकमताने अंतरिम आदेश दिले. गांबियाचे स्वतःचे काही नुकसान झाले नाही, मग त्याला दावा करण्याचा अधिकार काय, हा म्यानमारचा आक्षेप २२ जुलै २०२२ रोजी फेटाळला गेला. करारात सहभागी प्रत्येक राष्ट्राला तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. बाबासाहेबांनी माओंना लावलेली कसोटी बौद्धबहुल देशाला लावताना आपल्यातले काहीजण कचरतात. ते मला पटत नाही.

कारण 'आमची अंतर्गत बाब' हे वाक्य आपल्यालाही ऐकवले गेले आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितल्याचे कळताच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्न तेथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न मांडला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने शिफारस क्रमांक २९ मध्ये स्पष्ट केले की करारातील 'वंशपरंपरा' या शब्दात जातीवर आधारित भेदभावही येतो. हा शब्द १९६५ मध्ये करारात घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधीने केली होती. २००७ साली समितीसमोर भारताने पुन्हा सांगितले की जात या कराराच्या कक्षेत येत नाही.