पोखर्णी परिसर आणि पानिपत मोहिमेची वाट
पोखर्णी (जि. परभणी) हे नृसिंहाचे क्षेत्र. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकालाही देवाचेच नाव आहे. हा परिसर पानिपत मोहिमेच्या वाटेशीही जोडता येतो. ही वाट पुण्यापासून शोधण्याची रीत अपुरी आहे. तिचा आरंभ मराठवाड्यात धरायला हवा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला मराठ्यांकडून निजामाचा पराभव झाला, मार्चमध्ये परतूरहून मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी उत्तरेकडे कूच केले. या दोन गावांमधला प्रवास गोदावरी ओलांडल्याशिवाय होत नाही आणि सरळ रेषा गंगाखेड-परभणीच्या टापूतूनच जाते. फौज पोखर्णीलाच थांबली, असा याचा अर्थ नव्हे. तोफा, बैल, बाजारबुणगे, बायकामुले आणि यात्रेकरू घेऊन निघालेला लवाजमा एका पायवाटेवर मावत नाही. म्हणून रेषेऐवजी पाणी, चारा आणि उतार असलेला पट्टा शोधावा. पुढे हंडियाला नर्मदा, मग सिरोंज, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. ऐन पावसाळ्यात गंभीर नदीच्या पुराने फौज अडली, हे नकाशापेक्षा काठावर उभे राहिल्यावर नीट उमगते.

या वाटेकडे स्थलांतराची वाट म्हणून पाहिले, तर ही स्वारी होती, वसाहतीसाठी निघालेला काफिला नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईनंतर काहीजण उत्तरेतच राहिले, असे परंपरा सांगते. हरियाणातील रोड समाजातले अनेकजण आपले मूळ मराठा मानतात. इतिहासकारांत त्यावर मतभेद आहेत. म्हणून पानिपतच्या स्मारकापाशी न थांबता प्रवाशाने कर्नालच्या गावांपर्यंत जावे आणि तिथले दावे कागदपत्रांशी ताडून पाहावेत.