जलतरण तलावाची यंत्रसामग्री, घरगुती

घराच्या किंवा गृहसंकुलाच्या आवारातील जलतरण तलावाचे पाणी वारंवार न बदलता स्वच्छ व निर्जंतुक राखण्यासाठी त्यास जोडलेले पंप, निस्यंदक म्हणजे गाळण-टाक्या, झडपा, नळ आणि क्लोरीन देण्याची साधने यांच्या समूहास ही संज्ञा लावतात. पाणी भरून व सोडून देण्याच्या जुन्या पद्धतीकडून तेच पाणी फिरते ठेवण्याच्या पद्धतीकडे झालेली वाटचाल हा या सामग्रीच्या इतिहासाचा गाभा होय. पिंपरी-चिंचवड व चाकण या पाण्याची ओढ असलेल्या औद्योगिक पट्ट्यात या वाटचालीला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह (इ. स. पू. सु. २५००) हे बांधीव तलावाचे फार जुने उदाहरण आहे. सुमारे १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २·४ मी. खोल असलेला हा तलाव पक्क्या विटांचा असून पाणी झिरपू नये म्हणून त्यास डांबराचा थर दिलेला होता. शेजारच्या खोलीतील विहिरीतून तो भरण्याची व नालीतून रिकामा करण्याची सोय होती. पेशवाईत १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने पुणे शहरातील हौदांत आणण्यात आले. तेथे उंचीतील फरकामुळे पाणी आपोआप वाहत असे व पंपाची गरज पडत नसे. एकदा भरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था मात्र या दोन्ही ठिकाणी नव्हती.

इंग्लंडमध्ये १८४६ च्या स्नानगृहविषयक कायद्यानंतर सार्वजनिक तलाव वाढले; तथापि त्यांतील पाणी ठराविक दिवसांनी बदलले जाई. पाणी ताजे असलेल्या दिवशी शुल्क अधिक व ते गढूळ होत जाई तसे कमी, अशी प्रथा अनेक ठिकाणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वाळूचे निस्यंदक, विद्युत् चलित्रावर चालणारे केंद्रोत्सारी पंप आणि क्लोरीन ही तीन साधने एकत्र आल्यावर परिस्थिती पालटली. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात १९१० मध्ये क्लोरीनचा वापर करण्यात आला. पाणी नळांवर क्षार साचवील की त्यांना गंजवील, हे ताडण्याचा निर्देशांक लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर आटोपशीर पंप व निस्यंदक सर्रास मिळू लागल्याने तलाव खाजगी घरांच्या आवाक्यात आले. भारतात तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे मानक असून त्याची सुधारित आवृत्ती १९९३ मध्ये निघाली.

पिंपरी-चिंचवड व चाकण : या परिसराचा तलावाच्या सामग्रीशी संबंध प्रथम निर्माता म्हणून आला. जर्मन सहकार्याने १९६० मध्ये स्थापन झालेल्या केएसबी पंप्स या कंपनीचा कारखाना पिंपरीस आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर येथील कारखानदारी झपाट्याने वाढली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे चाकण परिसरात मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर वाढलेल्या वाकड, मोशी, चिखली आदी उपनगरांतील गृहसंकुलांत जलतरण तलाव ही नित्याची सोय झाली.

पाणीपुरवठ्याचा ताण मात्र याच काळात वाढला. शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. ते नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून उपसून निगडी येथील केंद्रात शुद्ध केले जाते. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलकांवर झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०१९ पासून महानगरपालिकेने शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. १० मी. लांब, ५ मी. रुंद व सरासरी १·५ मी. खोल अशा तलावात ७५,००० लि. पाणी मावते. दरडोई १३५ लि. या प्रमाणाने ते सुमारे ५५५ माणसांच्या एका दिवसाच्या गरजेइतके होते. त्यामुळे दुर्लक्षाने तलाव हिरवा होऊन पुन्हा भरावा लागणे, ही केवळ मालकाच्या खर्चाची बाब राहत नाही.

रचना व कार्य : तळाच्या जाळीतून व पृष्ठभागावरील केर ओढणाऱ्या स्किमरमधून पाणी पंपाकडे येते. पंपापूर्वीच्या टोपलीत पाने व केस अडतात. नंतर पाणी वाळूच्या निस्यंदकातून जाते व क्लोरीनची मात्रा मिळून तलावात परतते. वरील तलावाचे सर्व पाणी ६ तासांत एकदा फिरवायचे झाल्यास ताशी १२·५ घ. मी. पाणी वाहून नेणारा पंप लागतो. वाळूतील वेग ताशी २५ मी. धरल्यास निस्यंदकाचा व्यास सुमारे ०·८ मी. येतो. निस्यंदक लहान ठेवून पंप मोठा बसविल्यास गाळ वाळूतून पार निघून जातो. ही चूक पुष्कळ ठिकाणी आढळते.

वाळूत मळ साचला की दाबमापकावरील दाब वाढतो. स्वच्छ स्थितीतील दाबापेक्षा तो प्रती चौ. सेंमी.स ०·५ ते ०·७ किग्रॅ.ने वाढल्यावर प्रवाह उलटा फिरवून वाळू धुतात. कारागीर यास ‘बॅकवॉश’ म्हणतात. पाच मिनिटांच्या धुण्यास सुमारे १,००० लि. पाणी लागते, म्हणजेच तलाव बदलण्यास लागणाऱ्या पाण्याच्या पंचाहत्तराव्या हिश्श्यात काम भागते. मल्टिपोर्ट झडपेची मूठ फिरविण्यापूर्वी पंप बंद करणे अत्यावश्यक आहे. अन्यथा आतील रबरी कडे फाटून मळके पाणी तलावात उतरते. टोपली तुंबून पंप कोरडा चालला, तर त्याचे मेकॅनिकल सील जळते.

पाण्याचा समतोल : क्लोरीनचे जंतुनाशक कार्य पाण्याच्या पीएच मूल्यावर अवलंबून असते. पीएच ७·५ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग प्रभावी हायपोक्लोरस अम्लाच्या रूपात असतो. पीएच ८ झाल्यास तो जेमतेम एक-चतुर्थांश उरतो. म्हणून पीएच ७·२ ते ७·८ व मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिग्रॅ. राखतात. कडक उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होतो. त्याला आवर घालण्यासाठी सायन्यूरिक अम्ल वापरतात; पण त्याचे प्रमाण फार वाढल्यास क्लोरीनचे कार्य मंदावते. बेसाल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण असते. असे पाणी टँकरने आणून तलाव भरल्यास वाळूचे गोळे होतात व नळांच्या आत चुन्याचे थर बसतात. बाष्पीभवनाने पाणी घटते, क्षार मात्र मागे राहतात. उन्हाळ्यात दररोज ६ मिमी. बाष्पीभवन धरल्यास वरील तलावातून ३०० लि. पाणी उडून जाते. रात्री तलाव आच्छादित ठेवल्यास ही हानी कमी होते.

सुरक्षितता : ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडी येथील महानगरपालिकेच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन अनेकांना श्वसनाचा त्रास झाला व त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने सखल व बंदिस्त जागी साचतो. घरगुती तलावात वायूच्या नळकांड्यांऐवजी हायपोक्लोराइट वापरतात. परंतु त्यात अम्ल मिसळल्यास तोच विषारी वायू निर्माण होतो. म्हणून ही दोन रसायने वेगवेगळ्या, हवेशीर खोल्यांत ठेवावी लागतात. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. तळाच्या एकाच तोंडातून पंप जोराने पाणी ओढत असल्यास पोहणारा, विशेषतः लहान मूल, जाळीला चिकटून बुडण्याचा धोका असतो. अमेरिकेत २००७ मध्ये कायद्याने सार्वजनिक तलावांसाठी सुरक्षित जाळ्या सक्तीच्या केल्या. घरगुती तलावातही शोषणाची तोंडे किमान दोन व एकमेकांपासून दूर असणे, जाळी तुटलेली आढळताच पंप बंद करणे आणि पाण्यातील सर्व विद्युत् जोडण्यांना गळतीरोधक स्विच असणे इष्ट असते. दाब, पीएच व क्लोरीन यांची रोजची नोंद ठेवणारी साधी वही ही या सामग्रीतील सर्वांत स्वस्त वस्तू होय. पाणी बिघडण्याची चाहूल बहुतेक वेळा तिच्यातच प्रथम लागते.