बेरीच्या फुटबॉल क्लबाचे दप्तर

इंग्लंडमधील मोठ्या शहरांचे फुटबॉल क्लब आपल्याकडील पुष्कळांना ठाऊक आहेत. बेरी हे नाव क्वचितच कोणाच्या कानावर आले असेल. मँचेस्टरच्या उत्तरेचे हे जुने गिरणगाव. १७३३ साली धावता धोटा काढणारा जॉन के ह्याच परिसरात जन्मला. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून तिकडे जाणारा कापूस बेसुमार वाढला आणि मुंबईत शेअरांचे वेड माजले, हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. त्या गिरण्यांतील कामकऱ्यांना शनिवारी दुपारची सुटी मिळू लागली, तसा फुटबॉल हा त्यांचा खेळ झाला. बेरीचा क्लब १८८५ साली निघाला तो ह्याच ओघात. गिग लेन हे त्याचे मैदान.

क्लबाला ‘शेकर्स’, म्हणजे हादरविणारे, असे टोपणनाव आहे. १८९२ साली लँकेशायर चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी, आपला संघ ब्लॅकबर्नला हादरवून सोडील, अशी फुशारकी अध्यक्षांनी मारली व त्यातून हे नाव पडले, असे सांगतात. ही बखर होय. बखरीत असते तेवढे सत्य तिच्यात असेल. १८९४ पासून मात्र दप्तर बोलू लागते. त्या वर्षी क्लब लीगच्या दुसऱ्या विभागात आला आणि पहिल्याच खेपेस अव्वल ठरून वर चढला.

१९०० साली बेरीने साउदॅम्प्टनला ४–० असे हरवून एफ. ए. चषक जिंकला. १८ एप्रिल १९०३ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर तर त्याने डर्बी काउंटीचा ६–० असा धुव्वा उडविला. त्या वर्षीच्या साऱ्या चषक स्पर्धेत बेरीवर एकही गोल झाला नाही! आता आकडा वाचताना थोडे थांबले पाहिजे. डर्बीचा नामांकित खेळाडू ब्लूमर दुखापतीमुळे खेळलाच नाही, आणि त्यांचा गोलरक्षक फ्रायर दुखऱ्या अंगानिशी उतरला व त्याला मध्येच मैदान सोडावे लागले. ह्याने बेरीचे यश उणे होत नाही. पण नुसत्या आकड्यावर विसंबणाऱ्या इतिहासकाराने हे ध्यानी ठेवावे.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९२५–२६ च्या हंगामात पहिल्या विभागात चौथा क्रमांक आला. तेच क्लबाचे उच्च स्थान. १९२९ साली तो त्या विभागातून उतरला, तो पुन्हा कधी वर गेला नाही. १९७१ साली चौथ्या विभागापर्यंत घसरण झाली. आणि तरीही ह्या घसरणीतूनच एक विलक्षण उच्चांक निर्माण झाला. लीगच्या चारही पायऱ्यांवर प्रत्येकी हजार गोल करणारा पहिला क्लब म्हणून २००५ साली बेरीची नोंद झाली. हा मान सदैव वर राहणाऱ्याला मिळत नाही, सदैव खाली राहणाऱ्यालाही मिळत नाही. जो चढला, पडला, आणि प्रत्येक पायरीवर वर्षानुवर्षे रखडला, त्यालाच तो मिळावा! आमच्या मते १९०३ च्या चषकापेक्षा ह्या नोंदीत बेरीचे खरे चरित्र अधिक दिसते.

१९२२ साली डर्बीच्या अर्लने गिग लेनचे मैदान क्लबाला देणगी म्हणून दिले. शतक पुरे होण्याआधीच ही देणगी कर्जापोटी गहाण पडली होती. आवाक्याबाहेरचे पगार देऊन क्लब चालविला गेला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला. त्याही स्थितीत खेळाडूंनी २०१९ च्या वसंतात चौथ्या पायरीवरून तिसरीवर बढती मिळविली. १८ मे २०१९ रोजी मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६–० असे हरवून बेरीच्या ११६ वर्षांच्या उच्चांकाशी बरोबरी केली. २७ ऑगस्ट रोजी, पैशाची हमी दाखविता न आल्यामुळे, लीगने बेरीला काढून टाकले. १२५ वर्षांचे सभासदत्व संपले.

मग दप्तर कोणाचे? कायद्याने पाहिले तर कंपनी वेगळी, मैदान वेगळे, नाव वेगळे. पाठीराख्यांच्या एका गटाने २०१९ च्या अखेरीस नवा क्लब काढून तो परक्या मैदानावर खेळविला. दुसऱ्या गटाने २०२२ साली गिग लेन विकत घेतले. दोघेही स्वतःला बेरीच म्हणत होते, आणि दोघांपाशीही त्याचा आधार होता. एकत्र येण्यासाठी झालेल्या पहिल्या मतदानात आवश्यक तेवढे बहुमत मिळाले नाही. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा व्हावा असाच हा वाद. आम्हांस वाटते, कंपनी दिवाळखोरीत गेली तरी गोल काही दिवाळखोरीत जात नाहीत. ज्या गावाने ते उभ्याने पाहिले त्या गावाकडे ते राहतात. पण हे आमचे मत झाले. निर्णय बेरीकरांनी घ्यायचा होता. २०२३ साली त्यांनी पुन्हा मते दिली, ह्या खेपेस बहुमत झाले, आणि जुने नाव लावून संघ इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर गिग लेनला परत खेळू लागला.