असरची सावली

मुंबईत वा कोकणात एका मशिदीत असरची नमाज आटोपते, तेव्हा कधी कधी जवळच्याच दुसऱ्या मशिदीत अजानही झालेली नसते. आपल्यातले काही जण याला फाटाफूट समजतात. इतिहास वेगळे सांगतो.

घड्याळे नव्हती तेव्हा दिवसा वेळ सावलीवरून ठरे. भर दुपारची सावली वगळून काठीची सावली काठीच्या दुप्पट झाली की असर सुरू, असे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. 767) यांचे प्रसिद्ध मत. इमाम शाफई (मृत्यू इ.स. 820) यांना ती काठीएवढी पुरे होती. आपल्याकडे हा फरक ऋतूनुसार पाऊण ते सव्वा तासाचा पडतो. समुद्रमार्गे अरबांशी नाते जुळलेले कोकणी मुसलमान शाफई राहिले. देशावर उत्तरेकडून आलेली हनफी परंपरा रुजली.

पण खुद्द अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनीही काठीएवढीच सावली मानली. गुरूशी मतभेद करूनही ते हनफी परंपरेचे आधारस्तंभ ठरले. मग सावलीच्या मापावरून आम्ही एकमेकांना परके का मानावे?