एका पेनीचा न्याय

उपदेशाला गिऱ्हाईक नसते, हे लंडनच्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी या ख्रिस्ती संस्थेने ओळखले होते. भडक गुन्हेकथांना तोड म्हणून तिने १८७९ साली ‘बॉईज ओन पेपर’ हे एका पेनीचे साप्ताहिक काढले. त्यात १८८१-८२ मध्ये टॅल्बट बेन्स रीड यांची ‘द फिफ्थ फॉर्म ॲट सेंट डॉमिनिक्स’ ही कादंबरी क्रमशः आली. प्रश्नपत्रिका चोरीस जाते. नुसत्या संशयावरून ऑलिव्हरला वर्ग वाळीत टाकतो. चोर मात्र दुसराच निघतो. रीड स्वतः छापखान्यांसाठी खिळे ओतणाऱ्या कारखान्याचे चालक. तरीही आम्हां कामगार-कार्यकर्त्यांना ही गोष्ट आपली वाटते. चौकशीआधी कोणालाही चोर ठरवू नये, कारखान्याच्या दारात आमचे तरी दुसरे मागणे कोणते?